कम्प्युटर कितपत येतो?

माणसाला कम्प्युटर किती येतो, हे त्याच्या मागे कोण उभं आहे त्यावर ठरतं. मागे कुणीच नसेल तर बहुतेकांना बऱ्यापैकी येतो. मागे आई उभी असेल तर प्रत्येकाला उत्तम येतो. ऑफिसात नुकताच लागलेला पोरगा चहाचा कप हातात घेऊन सहज मागे येऊन थांबला, की मात्र वर्षानुवर्षं रोज उघडलेला फोल्डर सापडेनासा होतो. माउसचा बाण पडद्यावर भरकटायला लागतो. ‘अरे, काल इथंच तर होता’ असं आपण पुटपुटतो, आणि तो पोरगा नम्रपणे, जिव्हारी लागेल इतक्या नम्रपणे म्हणतो, ‘सर, नावानं सर्च मारा ना.’

तोच माणूस संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या आजींकडे जातो. आजींच्या लॅपटॉपवरची अक्षरं दुपारपासून बोराएवढी झालेली असतात. हा कंट्रोल आणि शून्य दाबतो, अक्षरं जागेवर येतात. आजी त्याच्या हातावर लाडू ठेवतात आणि त्याच्या आईला फोन करून सांगतात, की तुमच्या मुलाला त्यातलं सगळं कळतं हो. सकाळी अकराला अडाणी, संध्याकाळी सातला तज्ज्ञ. मधल्या आठ तासांत या गृहस्थानं नवीन काहीही शिकलेलं नसतं.

म्हणून ‘कम्प्युटर कितपत येतो?’ या प्रश्नाला लोक जे उत्तर देतात त्यावर माझा विश्वास नाही. ‘पोहता येतं का?’ या प्रश्नाचं बरं असतं. तिथं उमेदवाराला विहिरीत ढकललं की निकाल पाणीच देतं, आणि ताबडतोब देतं. कम्प्युटरमध्ये माणूस बुडत नाही. गटांगळ्या खायला लागला की तो कुणाला तरी फोन लावतो, पलीकडचा सांगेल ते दाबतो, वर येतो, अंग पुसतो आणि पोहून आलो म्हणून सांगतो.

महाराष्ट्रानं या प्रश्नाचं एक सरकारी उत्तर काढलं. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं, म्हणजे एमकेसीएलनं, एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला. पुढच्या काही वर्षांत पिठाच्या गिरणीच्या वर, पतसंस्थेच्या शेजारी, मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगाला, जिथं खोली मिळेल तिथं संगणक वर्ग निघाले. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागायला लागलं. ते नसेल तर वेतनवाढ अडायची, म्हणून निवृत्तीला टेकलेले हेडक्लार्क मुलीच्या वयाच्या मॅडमसमोर बाकावर जाऊन बसले. वर्गाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग असे. आत कम्प्युटर आहे, चपला बाहेर काढा! कारण धुळीचं सांगत, पण ते भक्तीचं असावं, असा माझा संशय आहे. खंडेनवमीला त्याच मॉनिटरला झेंडूची माळ पडायची आणि कीबोर्डला हळदकुंकू लागायचं. मग दिवाळीपर्यंत एंटरची कळ चिकटायची.

त्या वर्गांत ज्येष्ठांचा खरा कस लागला तो डबल-क्लिकला. सगळा जन्म कागदावर शिक्के मारलेल्या हाताची पहिली क्लिक दणकून बसे. मग गृहस्थ श्वास घेत. मग दुसरी. मधल्या वेळात माउस सरकलेला असे आणि ‘माय कम्प्युटर’ जागचा उठून डेस्कटॉपच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलेला असे. पण एकदा का प्रमाणपत्र हातात पडलं, की विषय मिटला. ‘कम्प्युटर येतो का?’ असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘आपली एमएस-सीआयटी झालीय.’ मुंज झालीय, मोतीबिंदू झालाय, एमएस-सीआयटी झालीय. झालेल्या गोष्टी पुन्हा कशाला विचारायच्या?

या वर्गांची थट्टा करणं सोपं आहे. पण तालुक्यातल्या कितीतरी मुलींनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो तिथंच. त्यांच्या घरी तेव्हा कम्प्युटर असण्याचा प्रश्नच नव्हता. हे मान्य करून पुढे जाऊ.

येतं की नाही, हे नुसतं न विचारता समोर बसवून करवून घ्यायचं कामही जगात कुणीतरी केलं आहे. ओईसीडी या संघटनेनं २०११ ते २०१५ या काळात ३३ देशांतल्या, १६ ते ६५ वर्षं वयाच्या, दोन लाखांहून अधिक माणसांना अशी परीक्षा द्यायला लावली. २६ टक्क्यांना कम्प्युटर वापरताच येत नव्हता. सगळ्यांत वरच्या पातळीला जेमतेम ५ टक्के पोचले. यातले बरेचसे देश श्रीमंत. भारत त्यात नव्हता, त्यामुळे आपला पहिला नंबर आला असता असं समजायला आपल्याला अजून मोकळीक आहे.

ती पाच टक्केवाली पातळी फार भयंकर असेल असं वाटेल, तर तसंही नाही. तिचा नमुना म्हणून सांगितला जाणारा प्रश्न असा असतो: अमुक माणसाकडून गेल्या महिन्यात आलेल्या ईमेलांपैकी किती टक्के ईमेल पर्यावरणाच्या विषयावर होत्या ते काढा. म्हणजे शोधा, गाळा, मोजा, भागाकार करा. प्रश्न वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की एकच माणूस महिन्यात पर्यावरणावर इतक्या ईमेल पाठवतो आणि तरी लोक त्याचं बोलणं ऐकून घेतात, तो देश कुठला?

आपल्याकडे ही परीक्षा घ्यायची तर प्रश्नपत्रिका नव्यानं काढावी लागेल. आपण ईमेल पाठवत नाही. फारच औपचारिक काम असेल तर पाठवतो, आणि मग ‘ईमेल पाठवलीय, बघा’ असा फोन करतो. तेव्हा पहिल्या पातळीचा प्रश्न असा हवा: सकाळच्या सुप्रभात संदेशांमधून कामाचा एक संदेश ओळखून दाखवा. दुसऱ्या पातळीचा: मामांनी गेल्या दिवाळीच्या सुमारास सातबाऱ्याची पीडीएफ पाठवली होती, ती मामांना न विचारता शोधा. आणि सर्वोच्च पातळीचा, पाच टक्क्यांचा: मेव्हण्याच्या लग्नासाठी काढलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात आलेल्या संदेशांपैकी किती टक्के संदेश लग्नाविषयी होते? हा प्रश्न सोडवणाऱ्याला थेट नोकरी द्यावी.

संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवताना कम्प्युटरची कौशल्यंही नेमून दिली आहेत, आणि आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही ती विचारली गेली आहेत. फाइल कॉपी करता येते का, कॉपी-पेस्ट जमतं का, ईमेलला फाइल जोडून पाठवता येते का, स्प्रेडशीटमध्ये बेरजेचं सूत्र घालता येतं का, नवीन यंत्र जोडता येतं का, सॉफ्टवेअर उतरवून बसवता येतं का, प्रेझेंटेशन करता येतं का, एका यंत्रातून दुसऱ्यात फाइल नेता येते का, आणि सरतेशेवटी, प्रोग्राम लिहिता येतो का. या शेवटच्या उडीला दाद दिली पाहिजे. आठव्या पायरीवर पेनड्राइव्ह खुपसतोय आणि नवव्या पायरीवर संगणकशास्त्रज्ञ! अशा पाहणीला माणूस दारात येतो तेव्हा घरात असेल तो बऱ्याचदा सगळ्यांच्या वतीनं उत्तरं देतो. त्यामुळे नवऱ्याविषयीची माहिती बायकोनं सांगितली असेल, तर त्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबायला हरकत नाही.

केंद्र सरकारनं २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलं. उद्दिष्ट होतं सहा कोटी ग्रामीण घरं, प्रत्येक घरातला एक माणूस, २० तासांचं शिक्षण. घरटी एक हे प्रमाण ज्यानं काढलं त्याला भारतीय कुटुंब चांगलं कळत असणार. कारण कितीही माणसांना शिकवलं, तरी प्रत्येक घरात कम्प्युटर येणारं माणूस एकच असतं. बाकीचे त्याला हाका मारतात.

आता स्प्रेडशीटचं सूत्र ही जी गोष्ट आहे, ती जवळून बघायची असेल तर गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीची बैठक गाठावी. आमच्या सोसायटीचे खजिनदार हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात आणि ते एक्सेलमध्ये ठेवतात हे ते प्रत्येक वार्षिक सभेत सांगतात. त्यांची शीट देखणी असते. मथळे पिवळे, रेघा ठसठशीत, थकबाकीदारांची नावं लाल. फक्त बेरीज ते शेजारच्या कॅल्क्युलेटरवर करतात आणि आलेला आकडा तळाच्या चौकटीत टाइप करतात. मग एखाद्या फ्लॅटचा मेंटेनन्स बदलला की वरचा आकडा बदलतो आणि तळाचा, तत्त्वनिष्ठ माणसानं राहावं तसा, आहे तिथंच राहतो.

कमिटीत एक निवृत्त बँक अधिकारीही आहेत. बँकांत कम्प्युटर यायला संघटनांचा कडवा विरोध होता, त्या ऐंशीच्या दशकातले ते. ‘लेजर पोस्टिंग मशीन’ या नावाचं यंत्र शाखेत आलं तेव्हा त्याच्यासमोर पहिला कोण बसला, हे आम्हाला पाठ आहे. खजिनदारांची बेरीज पाहून त्यांना वेदना होतात. ‘अहो, फॉर्म्युला टाका ना! मशीन कशासाठी आहे?’ असं म्हणून ते स्वतः खुर्चीवर बसतात, सूत्र घालतात, क्षणात बेरीज येते. आणि मग? मग ते खिशातून कॅल्क्युलेटर काढून ती बेरीज ताडून बघतात. खजिनदार या वेळी छताकडे बघत असतात.

तिसरी असते सचिवांची मुलगी. तिला बी.कॉम.ला हे सगळं आहे. तिला बोलावलं की ती उभ्याउभ्याच कीबोर्डवर काहीतरी करते, शीट झपकन खालपर्यंत जाते, बेरजा होतात, एक रंगीत आलेखही उगवतो, आणि ती ‘झालं, काका’ म्हणून निघून जाते. ती आकड्याकडे बघत नाही, कारण सूत्र बरोबर आहे. गेल्या खेपेला तिच्या बेरजेनुसार सोसायटीकडे कित्येक अब्ज रुपये निघाले. तिनं निवडलेल्या रकान्यांत सभासदांचे मोबाइल नंबरही आले होते. कुठल्याही सूत्राला मोबाइल नंबर आणि मेंटेनन्स यांतला फरक कळत नाही. तो कळायला सभासद व्हावं लागतं.

मला यात गंमत वाटते ती पुढची. तिघांनाही स्वतंत्रपणे विचारलं, तर प्रत्येकाचं मत असं, की एक्सेल खऱ्या अर्थानं येतं ते आपल्यालाच. खजिनदारांच्या मते बाकीच्या दोघांना मांडणी कळत नाही. अधिकाऱ्यांच्या मते बाकीच्या दोघांना पडताळणी कळत नाही. मुलीच्या मते दोघे काका गोड आहेत. आणि पाहणीवाला आला तर तिघंही त्या रकान्यात ‘होय’ लिहून देतील.

माणसाच्या या स्वभावावर शास्त्रीय शिक्काही बसला आहे. १९९९ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतल्या आणि आपण कितपत यशस्वी झालो असं वाटतं, तेही विचारलं. तळाच्या गटातले विद्यार्थी शंभरातल्या साधारण १२ जणांच्याच पुढे होते, पण त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज होता ६२ जणांच्या पुढे असल्याचा. उलट वरच्या गटातले आपल्याला थोडं कमीच लेखत होते. पुढे काही संख्याशास्त्र्यांनी या निष्कर्षात खोट काढली. यातला बराचसा भाग नुसता आकड्यांचा खेळ आहे, असं त्यांचं म्हणणं. ते खरं असेलही. पण संख्याशास्त्र्यांनी आमच्या कमिटीची बैठक पाहिलेली नाही. त्या अभ्यासात तर्क आणि व्याकरण यांच्याबरोबर विनोद हाही विषय होता. कुठला विनोद किती चांगला, हे ओळखायचं आणि धंदेवाईक विनोदवीरांच्या गुणांशी ताडून बघायचं. त्यात तळाला गेलेल्यांनाही आपली विनोदाची जाण सरासरीपेक्षा बरी आहे, असंच वाटत होतं. हा भाग विनोदी लेख लिहिणाऱ्यानं घाईनं वाचून पुढे सरकावं, हे उत्तम.

ज्यांना आपली पातळी आकड्यात सांगता येते असे लोक माझ्या माहितीत एकाच जातकुळीचे: टायपिस्ट. ‘मराठी ३०, इंग्रजी ४०.’ मिनिटाला इतके शब्द, परीक्षा परिषदेचं प्रमाणपत्र, वाद संपला. यंत्र जाऊन संगणक टंकलेखन आलं तरी आकडे तेच राहिले. टायपिस्टच्या मागे कुणीही उभं राहावं, जिल्हाधिकारी उभे राहिले तरी त्याची बोटं अडखळत नाहीत. तो कीबोर्डकडे बघत नाही, पडद्याकडे बघत नाही, कागदाकडे बघतो आणि मधूनच खिडकीबाहेर. आणि इतकं सगळं येत असूनही त्याला विचारलं तर तो सांगणार, ‘नाही हो, मला फक्त टायपिंग येतं. कम्प्युटरचं त्या पोराला विचारा.’ तो पोरगा म्हणजे कंत्राटावरचा डेटा एंट्री ऑपरेटर. ऑफिसातल्या सगळ्यांचे पासवर्ड त्याला ठाऊक, कारण सगळ्यांनी ते त्याच्याकडूनच टाकून घेतलेले. जसजसं पद वर जातं, तसतशी कम्प्युटर येण्याची गरज कमी होत जाते. पार वरच्या साहेबांना ईमेल छापून लागते. ते तिच्यावर हिरव्या शाईनं शेरा मारतात आणि तो शेरा खाली कुणीतरी टाइप करून उत्तर म्हणून पाठवतं. साहेबांना कम्प्युटर येत नाही असं म्हणायची मात्र कुणाची छाती नाही. त्यांच्या टेबलावर सगळ्यांत मोठा मॉनिटर आहे.

आता खरोखर ज्यांना येतो त्यांच्याकडे वळू. हिंजवडीत रोज सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या गाड्यांमध्ये असे लोक दाटीवाटीनं बसलेले असतात. यांना प्रोग्राम लिहिता येतो, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची नववी पायरी. पण घरी यांची परीक्षा घेतली जाते ती प्रिंटरवर. सॉफ्टवेअरमधला जावई दिवाळसणाला आला की सासरे त्याला प्रिंटर दाखवतात. जावई वायर काढतो, लावतो. यंत्र बंद करतो, चालू करतो. कागदाचा ट्रे ओढून बघतो. मग प्रामाणिकपणे सांगतो, की माझं काम क्लाउडवर असतं, हे हार्डवेअर आहे, यातलं मला नाही कळत. सासरे काही बोलत नाहीत. पॅकेजचा आकडा आणि समोरचा मुका प्रिंटर यांचा मेळ ते मनातल्या मनात घालत असतात. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा मुलगा येतो, झाकण उघडतो, आतून नातवानं घातलेली पेन्सिल काढतो. याच पुण्यात १९९१ साली सी-डॅकनं परम ८००० हा महासंगणक उभा केला होता, ही गोष्ट सासऱ्यांनी त्या वेळी काढली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मुलगा न्यू जर्सीत असला तर हा खेळ दुरून चालतो. तिथं रात्रीचे आठ, इथं पहाटेचे साडेपाच. आईच्या लॅपटॉपचा ताबा स्वतःकडे घेण्यासाठी त्याला पडद्यावरचा नऊ आकडी नंबर हवा असतो. पण आईच्या फोनवर बँकेचे संदेश रोज येतात, कुणालाही कोड सांगू नका म्हणून. ‘अगं, मी तुझा मुलगा बोलतोय!’ ‘ते सगळे असंच म्हणतात.’ मग तो आपल्या मुंजीत काय काय झालं ते सांगतो, गावच्या घराचा रंग सांगतो, आणि आई विचार करून म्हणते, ‘थांब, बाबा फिरून आले की बघू.’ या प्रसंगात कम्प्युटर कुणाला जास्त येतो, याचा निकाल मी आईच्या बाजूनं देईन.

तरुण पिढीला उपजतच सगळं येतं, ही एक समजूत आहे. अठरा वर्षांच्या मुलाला कॉलेजच्या लॅबमध्ये बसवून ‘फाइल कुठं सेव्ह केलीस?’ असं विचारावं. तो प्रश्नाकडे कुतूहलानं बघतो. त्याच्या जगात फाइल कुठं ‘असत’ नाही, ती मागितली की येते. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, ही आमच्या पिढीची गोदरेजच्या कपाटाची सवय त्याला लागलेलीच नाही. प्रकल्पाचा अहवाल तो अंगठ्यांनी फोनवर लिहितो, स्वतःलाच व्हॉट्सअॅप करतो आणि लॅबमध्ये येऊन उघडतो. आम्ही हसतो. तो मात्र एवढ्या वेळात रील कापून, आवाज जोडून, खाली मराठी अक्षरं टाकून मोकळा झालेला असतो, आणि ते करायला आम्हाला एक वर्ग लावावा लागला असता. चपला बाहेर काढून.

इतक्यांना पाहिल्यावर माझ्या पुरती मी एक मोजपट्टी केली आहे. तुम्हाला काय येतं ते सांगू नका. अडलं की तुम्ही कुणाला फोन करता, आणि अडलं की तुम्हाला कोण फोन करतं, एवढं सांगा. आजी वरच्या मजल्यावरून त्या गृहस्थाला, तो ऑफिसातल्या पोराला, तो पोरगा हिंजवडीतल्या मित्राला, तो मित्र प्रिंटरसाठी झेरॉक्सवाल्याच्या मुलाला. साखळी लांबत जाते, आणि माझ्या निरीक्षणाप्रमाणे ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी जाऊन थांबते: तालुक्याच्या बाजारपेठेतलं, ‘आपले सरकार सेवा केंद्र’ अशी पाटी लावलेलं, दहा बाय दहाचं दुकान.

तिथल्या मुलाला संयुक्त राष्ट्रांच्या यादीतलं काय काय येतं ते मी विचारलेलं नाही. मी बघत बसतो. कुठली वेबसाइट दिवसा उघडत नाही आणि रात्री अकरानंतर कशी पळते, हे त्याला ठाऊक असतं. फोटो २० ते ५० केबीमध्ये हवा असतो. शेतकऱ्यानं शर्टाच्या खिशातून घामानं वळलेला पासपोर्ट फोटो काढला, की हा तो काचेखाली दाबतो, मोबाइलनं टिपतो, कापतो, लहान करतो. ४८ केबी, एका झटक्यात. सही मोठी झाली तर कागदावर पुन्हा करायला लावतो, ‘आजोबा, जरा बारीक करा, सरकारला मोठी चालत नाही.’ इंग्रजीत टाइप केलेल्या आडनावाचं साइट परस्पर मराठी करते आणि दिघ्यांचे डिगे होतात, ते तो न बोलता दुरुस्त करतो. शंभर पानी वहीत सगळ्या गावाचे पासवर्ड, बॉलपेननं लिहिलेले, बहुतेकांच्या शेवटी १२३. सायबर सुरक्षेचा विचार करणाऱ्यांनी ती वही बघू नये. ओटीपी येतो तो चाकणला कंपनीत असलेल्या मुलाच्या फोनवर, तिथं मशीनवर फोन न्यायला बंदी, तर यानं सुपरवायझरचाही नंबर वहीत टिपून ठेवलेला. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा रस्त्यापर्यंत बायकांची रांग होती. साइट अडली की तो नवीन टॅब उघडायचा, ती अडली की शेजारच्या दुकानातून नेट घ्यायचा, आणि तोंडानं सगळा वेळ ‘मावशी, आधारला बँक जोडली का? कुठली जोडली?’ चालू.

परवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी त्याच्यासमोर बसलो होतो. माझा अर्ज ‘लोडिंग’वर फिरत होता, तेवढ्यात त्यानं दुसरी खिडकी उघडली. तहसील कार्यालयात कंत्राटी ऑपरेटरच्या जागा निघाल्या होत्या, त्याचा स्वतःचा फॉर्म तो गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत भरत होता. नाव, पत्ता, बारावीचे टक्के, ४८ केबीचा फोटो. मग रकाना आला: संगणक अर्हता प्रमाणपत्र आहे काय? खाली दोनच पर्याय.

‘एमएस-सीआयटी नाही केलीस?’ मी विचारलं.

‘वेळच नाही मिळाला, काका,’ असं म्हणून त्यानं ‘नाही’वर क्लिक केलं आणि माझ्या खिडकीवर परत आला. ‘ओटीपी आला असेल बघा तुमचा. लवकर सांगा, टाइम-आउट होईल.’